मागच्या फळीचा निळा रंग

माझ्या आत्याचं नाव यशोदा, पण बाबा तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तिनं ज्याच्यावर संशय घेतला नाही असंही कुणी नव्हतं. गवळ्यानं म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत धार काढली, तरी ती म्हशीकडं संशयानं बघायची. कुणी गोड बोललं की हिच्या कपाळाला आठी पडलीच. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली तर आधी विचार, आज का पाठवली. खीर मग गार व्हायची, आणि गार झाल्यावर ती गोडाला कमी आहे हेही आक्काच सांगायची.

तिला दोष देऊन उपयोग नाही. लग्न ठरलं तेव्हा मुलाला मधूनमधून खोकला येतो तो सर्दीचा आहे असं अक्कलकोटच्या मंडळींनी सांगितलं होतं. सर्दी दोन वर्षं टिकली आणि माणूस गेला. आक्का माहेरी, म्हणजे आमच्या बाबांच्या घरी, परत आली ती कायमचीच. येताना सासरहून दोनच गोष्टी घेऊन आली होती, कानडी भाषा आणि संशय. त्यातला संशय ती उघड वापरायची. कानडी मात्र लपवून ठेवायची. आपल्याला कळत नाही असं समजून लोक आपल्यासमोर काय काय बोलतात ते ऐकायची तिला सवय झाली होती. मंडईत भाजीवाल्या आपसांत कानडीत भाव ठरवायच्या आणि ही शेजारी भोळा चेहरा करून उभी राहायची.

ही गोष्ट चौतीस-पस्तीस सालची. मी त्या गोष्टीत आहे, पण अंगड्या-टोपड्यात. तेव्हा मी जेमतेम बसायला लागले होते, त्यामुळं जे सांगते आहे ते आईकडून ऐकलेलं. आक्काकडूनही ऐकलं, पण तिच्या सांगण्यात सगळेच लबाड असायचे.

माझा थोरला भाऊ गोपाळ तेव्हा चार वर्षांचा होता. आदल्या पावसाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला तो पायांतलं बळ घेऊनच. आदल्या आठवड्यात गल्लीत कोंबड्यांमागं धावणारं पोर पुढच्या आठवड्यात उभं केलं की खाली बसायला लागलं. वैद्य झाले, तेल झालं, सिद्धेश्वराला नवस झाला. आक्कानं या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट केली. तिनं गोपाळला घरात घेतलं आणि दार लावलं.

गल्लीनं विचारलं तर आज त्याला पडसं आहे, उद्या तो रुसला आहे, परवा त्याला दृष्ट लागते म्हणून बाहेर काढत नाही. पेठेला एकदा कळलं की पोर पांगळं ही ओळख त्याला जन्मभर चिकटेल अशी तिला धास्ती होती. वाण्याची बायको सोनाबाई रोज विचारायची, म्हणून आक्काचा सगळ्यांत जास्त संशय तिच्यावर. इतकी चौकशी माणूस उगाच करत नाही, असं तिचं म्हणणं. गोपाळदादा मात्र दिवसभर खिडकीत बसायचा. दोन्ही हातांनी गज धरायचा आणि बाहेर विणकरांची पोरं गोट्या खेळत ती बघायचा.

मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना बजावलं. तेल लावा, ऊन द्या, आणि मुलाला रोज बाहेर न्या, चार मुलांत ठेवा. घरात कोंडलंत तर पायांबरोबर त्याचं मनही बसेल. हे ऐकून आई हबकली, कारण दादा आताशा खिडकीतूनही हसेनासा झाला होता. पण न्यायचं कसं? आईच्या कडेवर मी होते. आक्का दादाला उचलायची, पण पोर वजनदार, आणि तिची कंबर धरायला लागली होती.

तोडगा आक्कालाच सुचला, आणि तोही तिच्या स्वभावाला शोभेल असाच होता. साहेब लोकांकडं बाबागाडी असते, तसली दोन पोरांची आणायची. पुढं धाकटी, मागं थोरला, त्याच्या गुडघ्यांवर दुलई. बघणाऱ्याला वाटेल, बहिणीबरोबर भाऊ मजेनं बसलाय. ऊनही मिळेल आणि गुपितही राहील. आईला यातला ऊन मिळण्याचा भाग पटला. बाबांनी दोन्ही भागांना मान डोलावली. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि घरात मान डोलावण्याचंच काम करायचे.

गाडी निवडायला आक्का स्वतः निघाली. मागच्या आळीतला गुंडा सुतार म्हणाला, चार चाकांचा लाकडी गाडा करून देतो, दोन काय चार पोरं बसतील. आक्कानं असला गाडा देवळाबाहेर पाहिला होता, आणि त्यात बसणारी माणसं पुढं काय पसरून बसतात तेही. ती नको म्हणाली आणि चहाला न थांबता उठली.

मग नव्या पेठेतलं दुकान. तिथं गाड्या होत्या, पण एका पोराच्या. दोन बैठकांची हवी म्हटल्यावर दुकानदारानं मुंबईहून आलेलं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यातलं चित्र दाखवलं. चित्रात दोन गोरी बाळं गाडीत बसून हसत होती. आक्कानं बराच वेळ चित्राकडं पाहिलं आणि विचारलं, ही दोघं हसताहेत कशाला? दुकानदारानं पुस्तक मिटलं. तो म्हणाला, वस्तू चित्राबरहुकूम येईल, माझ्यावर भरवसा ठेवा. भरवसा हा शब्द त्यानं उच्चारायला नको होता.

"न बघता पसंत करून मी एकदा फसले आहे," असं म्हणून आक्का पायरी उतरली.

तेवढ्यात बाबांनी कचेरीतून बातमी आणली. रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत चालला होता आणि बंगल्यातलं सामान विकत होता. त्यात दोन बैठकांची बाबागाडी होती. दुसऱ्या दिवशी बाबा आक्काला टांग्यात घालून रेल्वे लाइन्समधल्या त्या बंगल्यावर घेऊन गेले.

गाडी खरोखर देखणी होती. एकामागं एक दोन बैठका, मागची थोडी उंच आणि तिच्यावर काळ्या कापडाचा टप. प्रत्येक बैठकीपुढं पाय टेकायला एक निळी फळी. आक्कानं चाकं फिरवली, गाद्या दाबल्या, वास घेतला. मग ती खाली वाकून फळ्यांकडं बघत राहिली. पुढच्या फळीचा रंग पार उडाला होता, बुटांच्या टाचांनी लाकूड उघडं पडलं होतं. मागची फळी मात्र काल रंगवल्यासारखी निळीशार, एक ओरखडा नाही. आणि मागची गादी तर दबून खोल झालेली.

ती बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, "मुकुंदा, साहेबाला मुलं किती?"

बाबा म्हणाले, एकच मुलगी. कंबर तलावावर आया तिला फिरवते, सगळी कचेरी बघते. मागं टप ओढलेला असतो, त्यात सामानसुमान असेल. टांग्यात बसल्यावर आक्कानं निकाल दिला. गादी दबली आहे म्हणजे तिथं कुणीतरी बसत होतं. फळीला ओरखडा नाही म्हणजे बसणाऱ्याचे पाय फळीला लागायच्या आतच ते पोर गेलं. मेलेल्या पोराची गाडी आहे ही, आणि हे लोक लपवताहेत.

आता हे इतरांना कसं वाटेल मला माहीत नाही, पण आमच्याकडं याला फार महत्त्व. तान्ह्या बाळाला पहिलं अंगडं नवं घालत नाहीत. ज्या घरातली सगळी पोरं सुखरूप आहेत अशा लेकुरवाळीकडून जुनं मागून आणतात, म्हणजे तिच्या पोरांचं आयुष्य आपल्याला लाभतं. माझ्या वेळी आक्कानं चांगल्या चांगल्या घरची अंगडी परत पाठवली होती, कारण तिला त्या घरचं एखादं गेलेलं पोर आठवायचं. अंगड्याच्या बाबतीत ही तऱ्हा, तर रोज बसायच्या गाडीची काय कथा. तिनं रात्री जेवताना गाडी नको म्हणून सांगून टाकलं. बाबांनी मान डोलावली.

आईनं डोलावली नाही. आई आक्काच्या शब्दाबाहेर कधी जायची नाही, पण त्या दिवशी वाढता वाढता तिचा हात थांबला.

"वन्सं, असेल गाडी मेलेल्या पोराची," ती म्हणाली. "पण आपल्या जित्या पोराला खिडकीत अजून किती दिवस बसवायचं?"

आक्का ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही. सकाळी कुणाला न सांगता ती एकटी रेल्वे लाइन्सकडं चालत गेली. मनात एकच होतं, पोर मेलं हे कुणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचं. म्हणजे मालतीचं, माझ्या आईचं, तोंड बंद होईल, आणि आपल्या मनाचंही.

बंगल्याच्या मागच्या अंगाला आया नीलम्मा कपडे वाळत घालत होती आणि माळी संगप्पा झाडांना पाणी देत होता. आक्कानं मराठीत विचारलं, साहेबाला मुलं किती. नीलम्मा म्हणाली, एकच की, बेबी. मग मागच्या बैठकीवर कोण बसायचं? नीलम्मा म्हणाली, बेबीच्या बाहुल्या. इतक्या जड बाहुल्या आक्कानं कधी पाहिल्या नव्हत्या. ती गप्प उभी राहिली, भोळा चेहरा करून, मंडईत राहायची तशी. आणि झालंच तसं. नीलम्मा माळ्याकडं वळून हलक्या आवाजात कानडीत म्हणाली, थोरल्याचं काही बोलू नकोस हिच्यापुढं, बाईसाहेबांच्या कानावर गेलं तर माझं काम जाईल.

संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं म्हणतात, आक्काला अजिबात बरं वाटलं नाही. सोलापुरात आल्यापासून जी भाषा तिनं ओठांबाहेर काढली नव्हती, ती त्या दिवशी काढली. कानडीत तिनं विचारलं, थोरला कशानं वारला?

नीलम्माच्या हातातला ओला कपडा खाली पडला. ती मराठीतच म्हणाली, "शिवशिव, असं बोलू नगासा. आत हाय की त्यो. मघाशी पेज खाल्ली त्यानं."

आक्काला ते खरं वाटलं नाही. ती म्हणाली, दाखव. नीलम्मानं इकडंतिकडं पाहिलं, बाईसाहेब बाहेर गेल्या होत्या, तेव्हा ती तिला मागच्या व्हरांड्याशी घेऊन गेली. व्हरांड्याला बांबूची चिक सोडलेली होती. चिकेच्या फटीतून आत सहा-सात वर्षांचा एक पिंगट केसांचा मुलगा खुर्चीत बसलेला दिसला. लोकरी मोज्यांतले त्याचे पाय पुढच्या चौरंगावर सरळ ठेवले होते, कुणी ठेवून द्यावेत तसे. दोन्ही हातांनी त्यानं चिकेच्या काड्या धरल्या होत्या आणि बाहेर झाडांवर पडणारं पाणी बघत होता. आक्का समोर आली तसं त्यानं तिच्याकडं पाहिलं. तो हसला नाही, नुसता बघत राहिला.

आक्काला फळीचा उलगडा झाला. पाय फळीला लागत होते. हलत नव्हते. सगळ्या सोलापुरात ही गोष्ट कुणाला कळायला हवी होती तर ती तिला, कारण असे पाय ती रोज आपल्या हातांनी तेल लावून चोळत होती. आणि तिलाच ती कळली नव्हती. नीलम्मा सांगत होती, बाईसाहेबांना लोकांनी विचारलेलं सोसत नाही, म्हणून टप कधी खाली करायचा नाही असा हुकूम. आता पोर मोठं झालं, गाडीत मावत नाही. विलायतेत म्हणे त्याच्यासाठी चाकाची खुर्ची मिळेल.

मग नीलम्मा थांबली आणि तिनंही आक्काकडं जरा निरखून पाहिलं. संशय काही आक्काच्या एकटीच्या मालकीचा नव्हता.

"बाई, तुमी गाडी बघायला दोनदा आलासा," ती म्हणाली. "पोरं का न्हाई आनली?"

आक्काला आयुष्यात कुणालाही उत्तर देणं जड गेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती पदर सावरून घराकडं वळली. आईला ती पुढं म्हणायची, त्या पोरानं काड्या धरल्या होत्या ना, तशाच धरतो गं आपला, तशाच, आणि मी कडी लावून बसले होते. हे सांगताना तिला फार लाज वाटायची आणि तरी ती सांगायची.

घरी येऊन तिनं एवढंच जाहीर केलं की दोन्ही पोरं हयात आहेत, गाडी घ्या. गाडी आली. टपाचे सांधे गंजून घट्ट बसले होते, कधी उघडलेच नव्हते. गुंडा सुतारानं विचारलं, टप राहू द्यायचा न्हवं, ऊन लागंल पोराला. आक्का म्हणाली, ऊन लागावं म्हणूनच घेतली आहे. गुंडानं तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, तेव्हा कुठं तो कुरकुरत मागं पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर आक्का गाडी घेऊन बाहेर पडली. पुढं मी, मागं दादा, टप पाडलेला, आणि दुलई घरीच. हातमागांचा खटखटाट चालू होता तो गल्लीभर जरा मंदावला, असं आई सांगते. आक्का थेट वाण्याच्या दुकानापाशी जाऊन थांबली. तोफेच्या तोंडी जायचं तर आधी मोठ्या तोफेच्या जावं असा तिचा हिशेब असावा. सोनाबाई नेहमीसारखी दारात होती.

आक्का म्हणाली, "गोपाळ पायानं चालत नाही. तापानंतर पाय गेले त्याचे."

"ठाव हाय की, आक्का," सोनाबाई म्हणाली. "पैल्यापासनं ठाव हाय. आमी वाट बगत हुतो, तुमी त्याला कवा भाईर काडताय."

आणि तिनं दादाच्या हातावर शेंगाची चिक्की ठेवली. आक्कानं ती चिक्की उलटसुलट करून पाहिली, पण खाऊ दिली. त्यानंतर तिनं बरेच दिवस एकाच गोष्टीचा छडा लावण्यात घालवले, सोनाबाईला हे सांगितलं कुणी. आधी आई, मग बाबा, मग गवळी, मग गवळ्याची म्हैसदेखील सुटली नसती. खिडकीतलं पोर सगळ्या गल्लीला दिसत होतं हे तिला अखेरपर्यंत पटलं नाही.

दादा मग रोज बाहेर जायला लागला. विणकरांची पोरं गाडी ढकलायला भांडायची, तेलुगूत भांडायची, आणि दादा चार दिवसांत तेलुगू शिव्या शिकून आला. आक्काला तेलुगू येत नव्हतं. तो हसतो आहे म्हणजे चांगलं काहीतरी असेल, एवढ्यावर तिनं समाधान मानलं. कुणावर भरवसा ठेवण्याची तिची ही पहिलीच वेळ असेल.

मी पुढच्या फळीवर इतक्या लाथा झाडल्या की उरलासुरला रंगही गेला. मागची फळी निळीच राहिली. आक्का रोज संध्याकाळी गाडी पुसायची आणि त्या फळीवरून फडकं फिरवताना तिचा हात मंदावायचा. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा जवळ आली होती त्या सुमाराला, एका संध्याकाळी तिला त्या फळीवर एक ओरखडा दिसला. बारीक, नखानं ओढावा तसा.

गाडीला कुणी हात लावला यावरून घर डोक्यावर घेतलं तिनं. पहिला संशय माझ्यावर, पण मला अजून धड चालताही येत नव्हतं. मग ढकलणाऱ्या पोरांवर, मग मांजरावर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दादाला गाडीत बसवून गाडी ओट्यावर उभी केली, आणि स्वतः समोर सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली. कुणीतरी येईल आणि आयतं सापडेल अशी तिची मसलत होती. कुणी आलं नाही. दादा गल्लीतल्या गोट्यांच्या डावाकडं बघत होता. कुणाचा तरी नेम लागला, पोरं ओरडली, दादा ओरडला, आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा फळीवरून सरकला. निळ्या रंगावर आणखी एक रेघ उमटली.

आक्काच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं कुणाला हाक मारली नाही. आपल्या डोळ्यांवरही तिचा भरवसा नव्हता.

"गोप्या," ती म्हणाली, "पुन्हा कर बघू."

त्यानं केलं. ती म्हणाली, आणखी एकदा. त्यानं आणखी एकदा केलं. आई आतून आली तेव्हा तांदूळ ओट्यावर सांडले होते, चिमण्या ते टिपत होत्या, आणि आक्का गाडीपुढं बसून दादाचा पाय दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडत होती. आईनं तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. आणि रडता रडताही तिचं एकच चाललं होतं, पुन्हा कर रे बाळा, अजून माझी खात्री पटली नाही.